चिगरे, तिला सांग

कौलगेरीत करेप्पाच्या घरी त्या वैशाखात दोन नवे जीव आले. आधी सून आली. तिच्या पाठोपाठ आठवड्याभरात कुत्रीचं पिल्लू आलं. सुनेला कुत्र्यांची भीती, आणि पिल्लाला साऱ्या जगाची.

सुनेचं नाव लगमव्वा. गोकाकच्या गिरणीच्या चाळीत वाढलेली. बाप सूतखात्यात, दाराशी नळ, डोक्यावर पंखा. जात धनगराची, पण मेंढराचा वास तिला गावाकडचे पाहुणे आले की त्यांच्या घोंगड्यांना येई तेवढाच ठाऊक. लहान असताना एका पिसाळलेल्या कुत्र्यानं तिच्या पोटरीचा लचका तोडला होता. मग सरकारी दवाखान्यात रोज पोटात सुई. तिला चावण्यापेक्षा त्या सुयाच जास्त आठवत, पण राग आणि धास्ती मात्र कुत्र्यांच्या वाट्याला आली. गल्लीच्या तोंडाशी कुत्रं दिसलं की ती मागं फिरून लांबच्या वाटेनं शाळेला जायची. उशीर झाला म्हणून छड्या खायची, पण कुत्र्याशेजारनं जायची नाही.

माहेराकडून स्थळ बघायला आलेल्यांनी मेंढरं पाहिली, विहीर पाहिली, नवऱ्या मुलाचे, हालप्पाचे, भरदार दंड पाहिले. करेप्पाचं घर तालुक्यात कशाबद्दल ओळखलं जातं, ते मुलीच्या कानावर कोणी घातलं नाही. घटप्रभेच्या काठची ती उंच पायांची, खपाटीला गेलेल्या पोटाची, वाऱ्याशी पैज लावणारी शिकारी कुत्री करेप्पाच्या आजोबापासून त्या घरात होती. आईला हे माहीत होतं. पण नांदायला गेली की होईल सवय, असं म्हणून आई गप्प बसली.

लगमव्वाचं नशीब म्हणा, ती उंबरा ओलांडून आली तेव्हा अंगण रिकामं होतं. म्हातारी कुत्री त्या हिवाळ्यातच गेली होती. लगमव्वानं मनातल्या मनात बीरदेवाला हात जोडले. नवरा लग्नाची हळद उतरायच्या आत मेंढरं घेऊन रानात बसायला गेला. शेतकऱ्यांच्या मोकळ्या रानात कळप बसवायचे ते दिवस. घरात उरली तिघं : सासू गंगव्वा, जिची जीभ कातरीसारखी चाले, सासरा करेप्पा, उंच, वाळका, लाल पटक्याचा, दिवसात मोजकंच बोलणारा, आणि ही. त्या घरांची रीत अशी, की सुनेनं सासऱ्याच्या समोर उभं राहून बोलायचं नाही, आणि सासऱ्यानंही सुनेला नाव घेऊन काही सांगायचं नाही. काय असेल ते सासूमार्फत.

एका सकाळी लगमव्वा भाकरी थापत होती. करेप्पा नदीपलीकडच्या एका मित्राकडून परतला. खांद्यावरच्या घोंगड्याच्या खोळीत काहीतरी वळवळत होतं. त्यानं ती खोळ चुलीपासून हातभर लांब, जमिनीवर अलगद सोडली. आतून गव्हाळ रंगाचं, हाडंच हाडं असलेलं, मोठ्या डोळ्यांचं पिल्लू बाहेर आलं.

लगमव्वानं किंकाळी फोडली. हातातली भाकरी राखेत पडली आणि ती कुठं पाय ठेवून चढली कोण जाणे, पण धान्याच्या पोत्यांच्या थप्पीवर जाऊन बसली. किंकाळी ऐकून पिल्लू घाबरलं आणि घसरत जाऊन उतरंडीच्या मागं दडलं.

गंगव्वा परसातून धावत आली आणि कपाळाला हात लावून हसत सुटली. "बघा गं बया! मुंगसाएवढं पिल्लू अन् एवढी थोरली घोडी! कोण कुणाला भ्यालंय त्येच कळंना. अवो, कुठल्या मुहूर्तावर आणलंत ह्या दोघींना?"

करेप्पा हसला नाही. तो मधोमध जमिनीवर बसला, थप्पीकडं पाठ आणि उतरंडीकडंही जरा कूस करून. चंची काढून पान जुळवायला लागला. बऱ्याच वेळानं, उतरंडीकडं न बघता, तो बोलला.

"चिगरे, घाबरू नगंस. ह्या घरात कुणी कुणाच्या अंगावर जात न्हाई. आणि ती वर चढून बसलीया न्हवं, ती बी तुझ्यावानीच आईला सोडून आलीया. तिला सांग, खाली उतर म्हणावं. तू काय तिच्याकडं जाणार न्हाईस."

चिगरी म्हणजे हरणी. पिल्लाला नाव मिळालं ते असं.

वरून बारीक, पण ठाम आवाज आला. सासऱ्याला तिकडं मावा म्हणतात. "चिगरे, मावांना सांग, आधी तुला बांधा म्हणावं."

गंगव्वाचं हसू थांबलं. सून आल्यापासून तिचा आवाज घरात कोणी धड ऐकला नव्हता.

"बांधलेलं जनावर भितंय, आणि भ्यालेलं जनावर चावतंय," करेप्पा उतरंडीला म्हणाला. "तिला म्हणावं, बांधणार न्हाई. पर मधी ही वेताची बुट्टी आडवी ठेवतो. पलीकडचं घर तुझं, अलीकडचं तिचं."

"अगं बाई!" गंगव्वा म्हणाली. "नव्या सुनेनं आल्या आल्या वाटणी करून घेतली की!"

दिवेलागणीला पिल्लू रडायला लागलं. करेप्पानं येताना पिल्लाच्या आईच्या अंगाखालचं घोंगड्याचा फाटका तुकडा मागून आणला होता. तो बुट्टीत अंथरला, बुट्टी आपल्या बाजेला लागून ठेवली आणि स्वतः आडवा होऊन एक हात बुट्टीत सोडला. पिल्लू त्या तुकड्यात नाक खुपसायचं, जरा थांबायचं, पुन्हा सूर लावायचं.

"घरात कोण मेलंय का काय?" गंगव्वा वैतागली. "दोन टोले द्या म्हंजे गप बसंल."

"रडणाऱ्याला रडू नगं म्हणू नये," करेप्पा म्हणाला. एरवी हळू बोलणारा माणूस, पण हे मात्र आतल्या खोलीपर्यंत ऐकू जाईल असं बोलला. "नुसतं जवळ बसावं. आई सोडून आलेल्याला चार दिवस रडायचा हक्क हाय."

आतल्या खोलीत लगमव्वा तोंडात पदराचा बोळा कोंबून पडली होती. तिनं बोळा काढला. लग्नानंतर पहिल्यांदाच ती आवाज न दाबता रडली. बाहेरच्या त्या रडण्यात तिचं रडणं सहज मिसळून गेलं, आणि गंगव्वानं दोघींपैकी कोणालाच काही म्हटलं नाही.

नवी सून बघायला गल्लीतल्या बायकांची रीघ लागलेली असे. अंगावर काय घातलंय, केस खरे आहेत का, शेळी पिळता येते का, उखाणा घे, गाणं म्हण, हात दाखव. लगमव्वा मान खाली घालून घामानं निथळायची. पिल्लू आल्याच्या दुसऱ्या दिवशी करेप्पानं दारात बाज आडवी टाकली आणि तिच्यावर बसून घोंगड्याचे सुटलेले धागे गाठायला लागला.

शेजारची बाळव्वा दोघी-तिघींना घेऊन आली. "सरका की मावा, आत जाऊ द्या."

"पिल्लू बुजलंय. चार दिवस कुणी आत यायचं न्हाई."

"आम्ही काय पिल्लाला बघाय आलोय व्हय? सुनंला बघाय आलोय!"

"व्हय, पर पिल्लू सुनंजवळच असतंय दिवसभर. सुनंचा पदर सोडत न्हाई."

आत पिल्लू घराच्या एका टोकाला होतं आणि सून दुसऱ्या टोकाला. लगमव्वानं सासऱ्याची ती थाप ऐकली आणि हातातली परात खाली ठेवून क्षणभर नुसती उभी राहिली. बाज कोणासाठी आडवी पडली आहे, ते तिला त्या क्षणी कळलं. ती दारातली पाठमोरी, वाळकी मूर्ती आणि लाल पटका पुढं जन्मभर तिच्या डोळ्यांसमोरून गेला नाही.

मग करेप्पानं आणखी एक डाव टाकला. सकाळी रानात निघताना तो बुट्टीशी वाकला. "चिगरे, मी चाललो. तुझ्या गंगव्वाअज्जीचा गुडघा धरलाय, तिला वाकवंना. दुपारी तुला कोण घालणार? ऱ्हा उपाशी."

दुपारी पिल्लू कुंईकुंई करायला लागलं. लगमव्वानं कान झाकले, भांडी आपटली, शेवटी दुधात भाकरी कुस्करली आणि वाडगं लांबूनच उलथन्यानं ढकललं. पिल्लू वाडग्याकडं बघेना, तिच्याकडंच बघत बसलं. त्या डोळ्यांना डोळे भिडले की तिच्या पोटात सुई टोचल्यासारखं व्हायचं. म्हणून तिनं पाठ फिरवली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. थोड्या वेळानं मागून चपचप आवाज आला.

संध्याकाळी करेप्पानं लख्ख वाडगं पाहिलं, गंगव्वाकडून सगळी हकीकत ऐकली आणि बुट्टीपाशी उकिडवा बसला. "चिगरे, पाठ फिरवून बसायचं हिला कुणी शिकवलं गं? नव्या जनावराच्या डोळ्यांत बघू नये, वरनं हात घालू नये, ह्ये कळायला माझं निम्मं आयुष्य गेलं. ही गोकाकची पोर एका दुपारात शिकली."

स्वयंपाकघरात लगमव्वानं भाकरी इतकी मोठी थापली की ती तव्यात मावेना. भीतीपोटी केलेल्या गोष्टीचं कौतुक झालंय हे तिला माहीत होतं. तरी कौतुक गोड ते गोडच. त्या घरातला तो पहिला चांगला शब्द होता.

तिथून बोलणं वाढत गेलं. "चिगरे, मावांना सांग, म्हशीच्या दुधानं तुझं पोट बिघडलंय. आज ताकात भाकरी भिजवलीया." "चिगरे, तिला सांग, झोपून उठलीस की लगेच तुला अंगणात न्यायचं, म्हंजे जमीन सारवायचा त्रास वाचंल." "चिगरे, मावांना सांग, सारवायचा त्रास मला न्हाई, तुझ्या अज्जीला हाय. बडबड मात्र मला ऐकावी लागती." यावर गंगव्वा बाहेरून ओरडायची, "मला बी सांग गं चिगरे, ह्या घरात मी हाय का मेले!"

करेप्पा पिल्लाला रोज थोडा वेळ घरी ठेवलेल्या कोकरांत सोडायचा, म्हणजे मेंढरं आपलीच, हे त्याच्या अंगी मुरावं. कोकरांच्या लाथा खाऊन ते परत यायचं आणि येताना बुट्टीच्या पलीकडल्या आपल्या 'घरा'त न जाता अलीकडं जरा जास्त रेंगाळायचं.

एका दुपारी लगमव्वा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. पोटरीला काहीतरी गार, ओलं लागलं, नेमकं जुन्या वणावर. किंकाळी घशापर्यंत आली आणि तिथंच थिजली. पिल्लानं त्या वणाचा वास घेतला, दोनदा चाटलं, आणि मग तिच्या पायाला टेकून, लांब सुस्कारा टाकून झोपून गेलं. त्याच्या बरगड्या वरखाली होताना तिला आपल्या कातडीवर कळत होत्या. घाबरलेलं कोणी असं झोपत नाही, एवढं तिच्या ध्यानात आलं. आणि मग हेही, की आपणही मघापासून घाबरलेलो नाही.

पायाला मुंग्या आल्या, तरी ती हलली नाही. गंगव्वा ओरडत आली, "भाकरीचा पत्ता न्हाई, चूल थंड," आणि दारातच थांबली. बघत राहिली. मग पदर खोचून, दुखऱ्या गुडघ्यानं स्वतः चुलीपुढं बसली.

"बस तू. आज मी थापते. उठलीस तर त्ये बी उठंल."

पुढच्या बाजाराला करेप्पा घोंगडी घेऊन गोकाकला गेला. परतला तेव्हा बगलेत गाठोडं होतं. ते त्यानं चिगरीपुढं ठेवलं आणि घसा खाकरला. जरा ओशाळल्यासारखा दिसत होता.

"चिगरे, तुझ्या आईचं घोंगडं तुला आणलं. मग हिनं काय पाप केलंय? गिरणीच्या चाळीत गेलतो. तिच्या आईनं जेवू घातलं, करदंटाचा खाऊ दिलाय. आणि एक नेसतं लुगडं मागून आणलंय. धुवून देते म्हणत हुती बिचारी. मीच म्हटलं, धुवू नगा."

एवढं बोलून तो पटका झटकत अंगणात निघून गेला.

लगमव्वानं गाठोडं सोडलं. लुगड्याला खोबरेल तेलाचा, मिश्रीचा आणि बापाच्या कपड्यांबरोबर घरभर येणाऱ्या सुताच्या फुफाट्याचा वास होता. तिनं त्यात तोंड खुपसलं. चिगरीनंही शेजारून नाक घातलं. आपल्या बापालासुद्धा हे सुचलं नसतं, असं तिला वाटलं. वाटलं आणि बापाचा राग न येता नुसतं भरून आलं.

कारहुणवीला, म्हणजे ज्येष्ठी पुनवेच्या बैलांच्या सणाला, गावात बैल रंगवले, शिंगांना गोंडे बांधले. संध्याकाळी वेशीवर बैल पळवायचे. ढोल कडाडले, कोणीतरी फटाक्यांची माळ लावली, आणि अंगणात खेळणारी चिगरी कुंपणातून निसटून सुसाट सुटली ती थेट ओढ्याकाठच्या उसात.

गावची तरणी माणसं काठ्या घेऊन उसाभोवती पसरली. "चिगरीऽऽ! ए चिगरीऽऽ!" करेप्पा बांधावर उभा. त्याच्या म्हातारपणाचा घसा या गलक्यापुढं कुठं पुरणार? तो हातानं खुणा करून थांबवत होता, पण कोणाचं लक्ष नव्हतं. ऊस एकदा इथं हलायचा, एकदा तिथं, दर वेळी आणखी लांब.

लगमव्वा अनवाणी धावत आली. डोईवरचा पदर कधीच खांद्यावर पडला होता. ती सगळ्या गावादेखत करेप्पाच्या समोर जाऊन उभी राहिली आणि त्याच्या डोळ्यांत बघून बोलली.

"मावा, ह्या सगळ्यांना मागं बोलवा. ह्ये बोंबलत्यात म्हणून ती पळतीया. माझ्या एकटीवर सोडा."

हाका मारणाऱ्यांनी वळून पाहिलं. सासऱ्याच्या तोंडावर बोलणारी सून कौलगेरीनं पाहिली नव्हती. मागून आलेल्या गंगव्वाच्या तोंडाला पदर गेला. करेप्पानं एकदा सुनेकडं पाहिलं आणि मग माणसांवर असा ओरडला, की वेशीवरच्या बैलांनीही कान टवकारले असतील.

"ऐकलं न्हाई व्हय काय म्हणाली ती? फिरा मागं!"

सगळे वेशीकडं परतले. लगमव्वा सरींमधून थोडी आत गेली आणि उसाकडं पाठ करून मातीत बसली. पात्यांनी दंड चिरले होते. हाक मारावीशी वाटत होती, ती तिनं गिळली. तळहात उताणा करून जमिनीवर ठेवला आणि वाट बघत राहिली. उसात साप असतात, कोल्हे असतात, आणि गोकाकची लगमव्वा अशा जागी दिवसासुद्धा पाऊल टाकणारी नव्हती. पण त्या वेळी तिच्या मनात एकच होतं : चिगरी कुठंतरी पोट जमिनीला चिकटवून थरथरत असणार.

उन्हं तांबडी झाली. मागं पाचोळा कुरकुरला, थांबला, पुन्हा कुरकुरला. तिनं मान वळवली नाही. मग उताण्या तळहातावर गरम श्वास आला, आणि पाठोपाठ सगळं पिल्लूच मांडीत घुसलं, हृदय ढोलासारखं वाजवत. आजवर तिनं चिगरीला एकदाही उचललं नव्हतं. आता पदरात गुंडाळून, छातीशी धरून ती बांधावर आली. करेप्पा तिथंच बसून होता, तोही उसाकडं पाठ करून.

"सापडली," ती म्हणाली.

"सापडली न्हाई," करेप्पा म्हणाला, "आली. सापडणं निराळं, येणं निराळं." आणि घराच्या वाटेला लागताना, लेकीला हाक मारावी तसं, सुनेला थेट बोललेलं पहिलं वाक्य बोलला. "चल यव्वा, घरी जाऊ."

त्यानंतर थेट बोलायला आडकाठी राहिली नाही. गावानं चार दिवस नाकं मुरडली आणि सोडून दिलं. तरी महत्त्वाचं, लाजेचं किंवा भांडणाचं काही असलं की दोघंही चिगरीलाच सांगत. हालप्पा कळप घेऊन परतला तेव्हा त्याला बायको, बाप आणि कुत्री यांचं ते तिकोनी बोलणं ऐकून आपणच पाहुणे आल्यासारखं वाटलं. "मला बी कुणीतरी काय सांगा की," तो म्हणाला. गंगव्वा म्हणाली, "माझ्या रांगंत उभा ऱ्हा."

चिगरी पुष्कळ जगली, तिची पिल्लं आणि पिल्लांची पिल्लं गावोगाव गेली. करेप्पा एका श्रावणात, पान जुळवता जुळवता, बाजेवरच गेला. शेवटचं आजारपण त्यानं कोणाला काढू दिलं नाही. लगमव्वा आता स्वतः सासू आहे. धाकट्या सुनेला पहिल्या दिवशीच तिनं सांगून टाकलं, "माझ्याशी थेट बोल. न्हाई जमलं तर अंगणात कुत्री चिक्कार हाईत."

हुबळी-धारवाडकडून, बेंगळुरूकडून लोक पिल्लं न्यायला येतात. लगमव्वा त्यांना आधी जमिनीवर बसवते. जे येऊन उभ्या उभ्याच पिल्लू उचलायला वाकतात, त्यांना चहा पाजून परत पाठवते. लेकीनं एकदा विचारलं, अव्वा, एवढं कशाला? तेव्हा म्हणाली, "लगीन माझं वैशाखात झालं, पर नांदायला मी कारहुणवीला आले. मधले दिवस मावांनी मला उंबऱ्यात बसू दिलं, घाई केली न्हाई. आईबापानं दिलं त्ये दिलंच, पर ह्ये देणारं माणूस समद्यांना मिळत न्हाई गं. मला मिळालं." मग डोळे पुसून लगेच लेकीवर खेकसली, "बघतीस काय, ताक घुसळ."

गेल्या थंडीत बेंगळुरूची एक नोकरदार मुलगी पिल्लू घेऊन गेली. घरी एकटीच राहणारी. दोन दिवसांनी रडत फोन आला, आजी, हिनं तोंडात घास घेतला नाही, पलंगाखालून निघत नाही, माझंच काहीतरी चुकलंय. लगमव्वानं तिला सगळं सांगितलं : वाडगं ठेव, पाठ करून बस, फोन बघ, काही कर, पण तिच्याकडं बघू नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फोन वाजला. लगमव्वाचे हात पिठात होते. सुनेनं फोन तिच्या कानाला लावला.

"आजी, खाल्लं! सगळं खाल्लं!"

"बरं झालं," लगमव्वा म्हणाली. "आता तू बी जेव. कालपासनं तू बी जेवली न्हाईस, आवाजावरनं कळतंय मला."